बंद पॅनलची हवा

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या प्रयोगशाळेत कोळशाच्या खाणीतली हवा फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये भरून येते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, नवीन मुलीची फिरकी घेतायत. पण खरंच तसं असतं. काळपट लाल रबरी पिशवी, तिच्या नळीला स्टीलची क्लिप, क्लिपला दोऱ्याने बांधलेलं लेबल. लेबलवर खाणीचं नाव, हवा घेतलेली जागा, तारीख आणि घेणाऱ्याची सही. विदर्भातून निघालेला थर्माकोलचा खोका ट्रॅव्हल्सच्या गाडीने कळंबोलीला उतरतो, तिथून आमचा ड्रायव्हर तो घेऊन येतो. खाणीच्या कंपनीचं मुख्य ऑफिस बेलापूरला आहे आणि आमच्याशी त्यांचा वर्षाचा करार आहे. एवढ्याच कारणासाठी ती हवा अख्खा महाराष्ट्र ओलांडून येते.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि घर दिघ्याला असल्यामुळे जवळची म्हणून ही नोकरी धरली. माझं काम सोपं होतं. ब्लॅडर यंत्राला जोडायचा, यंत्र हवेतले वायू वेगळे करून प्रमाण सांगतं, ते आकडे संगणकात भरायचे, रिपोर्ट छापायचा, सही करायची.

पण आकडे कशाचे आहेत हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून मी वाचायला लागले. कोळसा जमिनीखाली गप्प बसत नाही. हवा मिळाली की ऑक्सिजन घेतो, घेताना तापतो, तापला की आणखी घेतो. खाणीतला एखादा भाग असा तापायला लागला की माणसं बाहेर काढतात आणि तो भाग भिंत बांधून बंद करतात. अशा भागाला पॅनल म्हणतात. आतला ऑक्सिजन संपला की आग उपाशी मरते. पण तापलेला कोळसा निवायला फार वेळ लागतो, आणि तो निवला की नाही हे भिंतीबाहेर उभं राहून कळत नाही. म्हणून भिंतीतून एक लोखंडी नळी आत सोडलेली असते. तिच्यातून आतली हवा काढायची. किती ऑक्सिजन कमी झाला आणि त्या बदल्यात किती कार्बन मोनॉक्साइड तयार झाला, हे पाहून दुसऱ्याला पहिल्याने भागायचं, शेकड्यात. जो आकडा येतो त्याला निर्देशांक म्हणतात. अर्ध्याच्या खाली असेल तर ठीक. एकच्या वर गेला तर आत काहीतरी तापतंय. तीनच्या वर म्हणजे आग. हा आकडा नेमाने नोंदवायचा, आणि तो बराच काळ खाली राहिला तरच भिंत फोडायची. घाई केली तर आपणच तापलेल्या कोळशाला हवा देतो, आणि फोडणारी माणसं त्या हवेच्या वाटेत उभी असतात.

पिंपळदरा नावाच्या खाणीतलं पॅनल चार असंच बंद केलेलं होतं. आत एक लोडर यंत्र अडकलं होतं. कंपनीला ते बाहेर काढायचं होतं.

मी कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. पॅनल चारचा ब्लॅडर मी जोडला आणि पडद्यावर ऑक्सिजन आला वीस पॉइंट नऊ टक्के. मी परत लावून पाहिला. वीस पॉइंट नऊ. खिडकी उघडून ठाणे-बेलापूर रस्त्यावरची हवा घेतली तरी एवढाच येईल. बंद भिंतीमागे, जिथे कोळसा वर्षभर ऑक्सिजन खात बसला आहे, तिथे हा आकडा येणं शक्य नाही. एक तर भिंत फुटली आहे, नाही तर ही हवा भिंतीमागची नाही.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र होती. ऑक्सिजन कमी झालेलाच नाही, म्हणजे भागाकारात खाली शून्य. शून्याने भागता येत नाही, हे सातवीतल्या पोरालाही माहीत असतं. पण संगणकाने मुकाट्याने निर्देशांकाच्या चौकटीत छापलं : ०.००.

म्हणजे यादीतला सगळ्यात सुरक्षित आकडा.

मी जुने रिपोर्ट काढले. पॅनल चारला बऱ्याच आठवड्यांपासून हेच येत होतं. ऑक्सिजन बाहेरच्या हवेइतका, निर्देशांक शून्य.

चारुलता मॅडम आमच्याकडे गुणवत्ता बघतात. सानपाड्याहून येतात. कपाटातल्या प्रत्येक फाइलच्या पाठीवर त्यांच्या अक्षरातलं लेबल आहे, आणि ते लेबल तिरकं लागलं तर त्या काढून परत लावतात. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला.

"मॅडम, इथे शून्य कसं आलं?"

"का, काय झालं?"

"हा भागाकार होतच नाही. खाली शून्य आहे. उत्तर नाहीच याला."

"अगं, मग काय लिहायचं?"

"काहीच नाही. चौकट रिकामी ठेवायची."

चारुलता मॅडमनी चष्मा काढला. "संघमित्रा, रिकामी चौकट. मागच्या ऑडिटला त्या माणसाने एका रिकाम्या चौकटीवरून मला अर्धा दिवस उभं केलं होतं. म्हणाला, मॅडम, हे राहून गेलंय की लपवलंय, मला कसं कळणार? त्यानंतर आपल्या संगणकवाल्या निखिलला सांगून सॉफ्टवेअरमध्ये टाकून घेतलं, कुठलीही चौकट रिकामी राहणार नाही. उत्तर आलं नाही तर शून्य."

"पण शून्य म्हणजे आग नाही असा अर्थ होतो."

"आपण अर्थ लिहितो का? आपण आकडा लिहितो."

"आकडाच खोटा आहे."

"खोटा कसा? सॉफ्टवेअरने काढलाय, तू नाही काढलास." मग त्यांना माझ्या चेहऱ्याची दया आली असावी. "सरांना विचार. पण डबा खाऊन जा, उपाशी असलीस की आवाज चढतो तुझा."

जयप्रकाश सर मालकही आहेत आणि तांत्रिक प्रमुखही. त्यांनी रिपोर्टच्या तळाची बारीक ओळ बोटाने दाखवली : परिणाम केवळ प्राप्त नमुन्यास लागू.

"वाचलीस?"

"हो सर."

"त्यांनी ब्लॅडर पाठवला, आपण ब्लॅडर तपासला. खाण आपण तपासत नाही. खाणीत काय आहे ते त्यांचं त्यांना माहीत."

"त्यांना नाही माहीत, सर. म्हणून तर पाठवतात."

सर हसले. वाईट माणूस नाही. "तुला काय पाहिजे?"

"शून्याच्या जागी 'काढता येत नाही' असं छापायचं. आणि खाली एक ओळ, की ही हवा बाहेरच्या हवेसारखी आहे."

"क्लायंट भडकेल."

"सर, उद्या आत काही झालं तर चौकशीत आपलं शून्य पहिलं वाचतील."

हे मात्र त्यांना पटलं. खाणीतल्या माणसांपेक्षा चौकशी त्यांच्या जवळची होती. त्यांनी चारुलता मॅडमना बोलावलं. मॅडम म्हणाल्या, फॉरमॅट बदलायचा म्हणजे रिव्हिजन नंबर बदलायचा, जुन्या प्रती मागवून त्यांच्यावर 'रद्द' शिक्का मारायचा, सगळ्यांना ट्रेनिंग देऊन त्याची सही घ्यायची. मी म्हटलं, शिक्के मी मारते. मॅडम म्हणाल्या, "तूच मारायचे आहेत."

मग मी बेलापूरच्या ऑफिसला फोन केला. तिथे कोणी तरी सुनयना म्हणून होती. ती म्हणाली, शनिवारी पॅनल चार उघडायचं ठरलंय, डायरेक्टर साहेब जाणार आहेत, भिंतीपुढे नारळ फोडणार आहेत, त्याआधीचा शेवटचा नमुना घेऊन खाणीचा माणूस स्वतः येतोय. "रिपोर्ट लगेच द्या हं. ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलंय त्याचं परतीचं."

तो माणूस म्हणजे रणजीत. खाणीतल्या हवेची देखरेख त्याच्याकडे होती. वयाने माझ्यापेक्षा फार मोठा नसेल, मायनिंगचा डिप्लोमा केलेला, मूळचा कराडकडचा. खोका टेबलावर ठेवून म्हणाला, "ह्यो शेवटचा. आता तुमची सुटका."

मी ब्लॅडर जोडला. वीस पॉइंट नऊ.

"चहा घेऊ या," मी म्हटलं. गेटसमोरच्या टपरीवर कोणी ओळखीचं नव्हतं. मी सरळच विचारलं, "ही हवा कुठली आहे?"

रणजीतने ग्लास खाली ठेवला. आणि हसायला लागला. आनंदाचं हसणं नव्हतं ते.

"शेवटी विचारलंत," तो म्हणाला. "किती दिवस वाट बघत होतो मी."

"म्हणजे?"

"नळी बंद पडलीय, मॅडम. आत छत कोसळलं, नळी चेपली. हवा येतच नाही. मी मॅनेजर साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, नळी नंतर बघू, पण रजिस्टरला गॅप नको. नमुना कसाही पाठव. आता कसाही म्हणजे कसा? मी भिंतीपासून लांब गेलो, ताज्या हवेच्या रस्त्यात उभा राहिलो, ब्लॅडर भरला आणि दिला पाठवून. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"म्हटलं, लॅबमध्ये शिकलेली माणसं असतात. वीस पॉइंट नऊ बघितल्या बघितल्या बोंब मारतील. बंद पॅनलमध्ये एवढा ऑक्सिजन? तुमची बोंब आली की साहेबांना नळी साफ करावीच लागणार. माझं नाव पण नाही येणार."

"आणि तुम्ही काय पाठवलं? शून्य!" त्याने हात जोडले. "पहिल्यांदा वाटलं, टायपिंगची चूक. पुढच्या वेळी परत तशीच हवा पाठवली. परत शून्य. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून रिपोर्ट दाखवला. बघ रणजीत, उगाच घाबरत होतास, पॅनल थंड आहे. मग काय सांगू तुम्हाला, दोन-चार रिपोर्ट आल्यावर मलाच वाटायला लागलं, असेल बाबा थंड. लॅब म्हणतेय."

"हवा तुम्हीच बाहेर भरली होती ना?"

"व्हय की. तरी वाटायला लागलं."

"लिहून का नाही दिलंत, नळी बंद आहे म्हणून?"

"तुम्ही का नाही लिहिलंत, हवा बाहेरची आहे म्हणून?"

मी नवीन आहे, असं म्हणणार होते. म्हटलं नाही. विचारलं, "शनिवारी आत कोण जाणार?"

"पहिल्या टीममध्ये मी आणि हौसेराव. तो आमचा टिंबर मिस्त्री, छताला टेकू लावतो. गावाकडचाच आहे माझ्या." त्याने चहाचे पैसे दिले आणि म्हणाला, "आता तरी लिहा मॅडम. माझं नाव तेवढं नको."

मी लिहिलं. निर्देशांक : काढता येत नाही. शेरा : नमुन्याची रचना बाहेरच्या हवेसारखी आहे. नळी आणि भिंत तपासून नवा नमुना पाठवावा. नव्या फॉरमॅटवरचा तो पहिला रिपोर्ट. जयप्रकाश सरांनी वाचून सही केली, मी केली, चारुलता मॅडमनी शिक्का सरळ लागला आहे ना ते पाहिलं. रणजीत तो घेऊन गेला. त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होते हे सांगायला हरकत नाही.

बेलापूरहून फोन आला तो सरांनाच. काय बोलणं झालं ते काचेतून दिसलं, ऐकू आलं नाही. बाहेर येऊन सर एवढंच म्हणाले, "नवा नमुना पाठवतायत. रात्रीच्या गाडीने. आल्या आल्या लाव."

"नळी साफ केली का त्यांनी?"

"नमुना पाठवतायत म्हटलं ना."

ब्लॅडर आला तो टम्म फुगलेला होता. मी जोडला. ऑक्सिजन सोळा टक्के. कार्बन डायऑक्साइड चारच्या वर. कार्बन मोनॉक्साइड अगदी किंचित. या वेळी भागाकार व्यवस्थित झाला आणि चौकटीत आला एक देखणा, खराखुरा, शून्य नसलेला आकडा : ०.०४. बंद पॅनल थंड झालं की जसा यावा अगदी तसा.

पण मिथेन नव्हता. कोळशाच्या बंद भागात तो थोडा तरी साठतोच. इथे काहीच नाही. आणि ब्लॅडरच्या आतल्या बाजूला बारीक थेंब धरले होते. ऑक्सिजन जितका कमी झाला होता, जवळजवळ तितकाच कार्बन डायऑक्साइड वाढला होता. निवलेल्या कोळशाचा हिशोब असा बसत नाही. असा हिशोब कुठे बसतो हे मला माहीत होतं, फक्त खात्री करायची होती. कपाटातून कोरा ब्लॅडर घेतला, नळी तोंडात धरली आणि फुंकर मारून फुगवला. मग तो यंत्राला लावला.

दोन्ही प्रिंट मी सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"डावीकडची पॅनल चार. उजवीकडची मी."

सरांनी दोन्हींवरचे आकडे बोटाने जुळवून पाहिले. "म्हणजे तुझ्यातही आग नाही म्हणायची."

"सर, हा माणसाचा श्वास आहे."

"कशावरून?"

"मिथेन नाही. ओल आहे. आणि प्रमाण बघा."

"शंका आहे तुझी."

"शंका नाही, मी फुगवून दाखवलंय."

"संघमित्रा, आपल्याला मान्यता कशाची आहे? खाणीतल्या हवेची. श्वास आपल्या मान्यतेत येत नाही. हा श्वास आहे असं मी लिहिलं तर पहिला प्रश्न येईल, कुठल्या पद्धतीने तपासलात? मुलीने ब्लॅडर फुगवून, असं लिहू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मागच्या वेळी तू म्हणालीस भागाकार होत नाही. बरोबर होतं, मी ऐकलं. आता भागाकार होतोय. मी काय म्हणून अडवू?"

मी सही केली नाही. सर म्हणाले, "जबरदस्ती नाही." माझ्या जागी चारुलता मॅडमनी केली, पर्यायी सही म्हणून त्यांचं नाव होतंच. सही करताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या घरी दोन शिकणारी आहेत ग." मी काही विचारलं नव्हतं.

गच्चीवर जाऊन रणजीतला फोन लावला.

"तुमचा आहे ना?"

"काय?"

"ब्लॅडर."

मागे खाणीच्या पंख्याचा आवाज येत होता. "साहेबांच्या केबिनमध्ये," तो म्हणाला. "म्हणाले, लॅबला आकडा पाहिजे ना? फुंक. मी फुंकला तर म्हणाले, छाती आहे का नाही, जोरात फुंक."

"उद्या आत जाऊ नका."

"मी नाही गेलो तर दुसरा कोण तरी जाणार. आणि परवापासून मी कुठं जायचं, ते सांगा." मग आवाज बदलून म्हणाला, "तुम्ही लिहिलंत ना, मॅडम, खरं ते?"

"माझी सही नाही त्याच्यावर."

"सही नाही," तो म्हणाला. "बरं."

शनिवारी मी घरी होते. आई भाजी निवडत होती. मी फोन हातातून खाली ठेवत नव्हते. आईने विचारलं, "कुणाचा यायचाय?" खाणीचं सांगितलं. तिला खाण म्हणजे दिघ्याच्या डोंगराची दगडाची खाण माहीत, ती म्हणाली, दगड कशाला जळेल.

संध्याकाळी बेलापूरहून कळलं. भिंत फोडली. नारळ फुटला. लोडर बाहेर आला. काहीही झालं नाही.

सोमवारी बेलापूरहून पेढ्यांचा मोठा पुडा आला. सुनयनाने वर चिठ्ठी लावली होती, 'टीमला धन्यवाद'. सरांनी स्वतः पुडा फिरवला. माझ्यापुढे धरून म्हणाले, "घे. आणि शिक यातून. अभ्यास वेगळा, अनुभव वेगळा." चारुलता मॅडमनी दोन घेतले. मी माझा घरी नेला तर आई म्हणाली, "जळलं नाही ना? मग बरंच झालं की. तोंड कशाला पाडतेस?"

मला तिला समजावता येईना. एकदा जळलं नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. डोळे मिटून रस्ता ओलांडला आणि मेलो नाही तर डोळे मिटून रस्ता ओलांडणं सुरक्षित ठरत नाही. पण खाणीत, बेलापुरात, रबाळ्यात, माझ्या घरातसुद्धा सगळ्यांचं एकमत झालं होतं. आणि त्यांच्या बाजूने एक अख्खं पॅनल होतं, माझ्या बाजूने एक फुगवलेला ब्लॅडर.

रणजीतचा फोन त्यानंतर आला. खुशीत होता. त्याला वरची जागा मिळाली होती.

"आत कसं होतं?" मी विचारलं.

"गरम होतं." त्याने सहज सांगितलं. "भिंत फोडली तशी तोंडावर वाफ आली. घासलेटासारखा वास. हौसेराव म्हणाला, पळा. पण साहेब मागे उभे, डायरेक्टर उभे. धावत गेलो, साखळी अडकवली, यंत्र ओढलं, परत भिंत घातली. अर्धा तास अजून उघडं राहिलं असतं तर काय झालं असतं देव जाणे."

घासलेटासारखा वास म्हणजे कोळसा तापला आहे. पुस्तकात हे पहिल्या पानांवर असतं.

"हे तुम्ही नोंदवलंत?"

"तापमानाची चौकट असते ना. अठ्ठावीस लिहिलं. दर वेळी अठ्ठावीसच लिहितात."

"आणि वास?"

"वासाला चौकट नाही."

"रणजीत, हे लिहून द्या. मला एक मेल करा. एवढंच, की वास होता, वाफ होती. मी पुढे पाठवते, खाण खात्याकडे."

"मॅडम," तो समजूत घातल्यासारखं म्हणाला, "थोडक्यात वाचलो, हे लिहून कुणाचं भलं झालंय? सगळे खूश आहेत. आणि रिपोर्ट तुमच्याच लॅबचा आहे की."

मी म्हटलं, माझी सही नव्हती. तो म्हणाला, ते मघाशीच सांगितलंत. मघाशी नाही, त्या दिवशी गच्चीवरून फोन केला तेव्हा सांगितलं होतं. पण मी दुरुस्त केलं नाही.

त्यानंतर खाणीने पॅनल सात उघडायला घेतलं. तेही बंद, तिथेही अडकलेलं सामान. पॅनल चारला जमलं तीच पद्धत. खोका आला, ब्लॅडर टम्म फुगलेला, लेबलवर सही नीट. मी तो हातात घेतलाच होता तेवढ्यात फोन वाजला.

"सातचा मिळाला का?"

"मिळाला. कुणाचा आहे?"

रणजीत हसला. या वेळचं हसणं बरंचसं आनंदाचं होतं. "हौसेरावचा. मी आता नाही फुगवत. त्याला सांगितलंय, आधी तंबाखू थुंकून ये, चूळ भर, मग फुंक."

"आत कोण जाणार?"

"पहिल्या टीमला तोच. मी या खेपेला वरच आहे, कंट्रोल रूमला."

"आत काय आहे ते त्याला माहीत आहे का?"

"त्याला कसं माहीत असणार?" तो म्हणाला. "ते तुम्ही सांगायचं असतं ना मॅडम."

फोन ठेवल्यावर मी ब्लॅडर घेऊन टेबलाशी बसले. हे यंत्राला लावलं की काय होणार ते मला आकड्यासकट माहीत होतं. सोळा, चार, आणि एक देखणा निर्देशांक. मी सही नाकारणार, मॅडम करणार, तो हौसेराव, ज्याला मी कधी पाहिलं नाही, आपल्याच श्वासाच्या भरवशावर भिंतीआड जाणार. संगणकात 'नमुना मानवी श्वासाचा' असं लिहायला जागा नव्हती. शेऱ्याची चौकटसुद्धा चारुलता मॅडमनी त्यानंतरच्या रिव्हिजनमध्ये बंद करून घेतली होती, शेऱ्यावरून क्लायंट भांडतात म्हणून. मी पडद्यावरची एक एक पाटी उघडत गेले. 'नमुना नाकारणे' अशी एक होती. तिच्याखाली कारणांची यादी. लेबल नाही. लेबल अपूर्ण. उशिरा प्राप्त. वाहतुकीत गळती.

खरं कारण त्यात नव्हतं.

मी क्लिप काढली. हौसेरावचा श्वास हळू आवाज करत बाहेर आला. उबदार नव्हता, कसलाच वास नव्हता. पिशवी हातात लोळागोळा झाली. मी 'वाहतुकीत गळती' वर बोट ठेवलं, खाली माझं पूर्ण नाव टाईप केलं आणि सही केली. संगणकाने ते एका क्षणात स्वीकारलं. या प्रयोगशाळेत मी केलेली ही पहिली खोटी नोंद, आणि माझ्या सगळ्या नोंदींत एवढीच एक, जिच्यामुळे एक भिंत फोडायची थांबली.

चारुलता मॅडमनी ती पाहिली. ब्लॅडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "गळती," त्या म्हणाल्या. "चौकटी सगळ्या भरल्यास ना? मग झालं." आणि फाइल लावून टाकली.

दुपारी रणजीतचा परत फोन आला.

"मॅडम, गळाला म्हणे?"

"हो."

"नवाकोरा ब्लॅडर होता."

त्याला कळलं असावं असं मला वाटलं, आणि वाटलं, आता तरी तो काहीतरी बोलेल.

"हरकत नाही," तो म्हणाला. "आजच्याच गाडीने दुसरा पाठवतो. हौसेरावला सांगतो, क्लिप जरा घट्ट लाव."